नडगी दुखते हे कोणाला सांगायचं?

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळणाऱ्या आमच्या बायकांच्या ग्रुपची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे उधारी लिहायला असते तसली. ती माझ्या स्कूटरच्या डिकीत राहते आणि रविवारी लाँग रन संपला की पार्किंगमध्ये हातोहात फिरते. आधी तिच्यात एकच रकाना होता, किती किलोमीटर झाले त्याचा. पुढे मी पट्टी घेऊन दुसरा आखला आणि वर लिहिलं, ‘काय झालं’. पहिला रकाना सगळ्याजणी पटापट भरतात. दुसऱ्यापाशी आल्या की ‘नंतर लिहिते’ म्हणून वही पुढे सरकवतात.

या सदरासाठी आलेली या महिन्याची पत्रं वाचताना तो दुसरा रकानाच कोणी भरून पाठवल्यासारखं वाटलं. बऱ्याचजणींनी शेवटी लिहिलंय, ‘हे ग्रुपवर सांगितलेलं नाही.’ म्हणून आज पत्रं मोजकी घेतली आहेत.

दरवेळी सांगते ते पुन्हा सांगते. मी डॉक्टर नाही. बँकेत कॅश काउंटरला बसून बसून कंबर धरली, म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी पर्वती चढायला लागले आणि तिथून पळायला. त्याला सतरा वर्षं झाली. स्वतःच्या अंगावरून आणि सोबतच्या बायकांकडून जे शिकले, जे डॉक्टरांना आणि फिजिओंना विचारून घेतलं, तेवढंच लिहिते.

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांची, कोथरूडला राहते. डिसेंबरमधल्या हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, पहिलीच. ऑगस्टमध्ये ६ किलोमीटर पळत होते, आता १६ पर्यंत आले. तीन आठवडे डावी नडगी दुखतेय. आता रात्री कूस बदलतानाही जाग येते. गेल्या रविवारी गोळी घेऊन १२ केले आणि ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्या रोज आपापले आकडे टाकतात, मी एकटीनेच कसं थांबायचं? बिबचे, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराचे, पैसे भरलेत, घरी सगळ्यांना सांगून झालंय.

उत्तर : अगं, आधी पळणं थांबव. आजपासून. मग पुढचं वाच.

नडगीचं दुखणं साधारण दोन तऱ्हांचं असतं. एकात आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखतो, पळायला लागल्यावर थोडं अंग तापलं की कमी होतो. तिथल्या स्नायूंवर आणि हाडाच्या आवरणावर ताण आलेला असतो. याला शिन स्प्लिंट्स म्हणतात, आणि भार कमी केला की बहुतेक वेळा ते आटोक्यात येतं. दुसऱ्या तऱ्हेत एका बोटाने ‘इथेच’ म्हणून दाखवता येतं, चालतानाही जाणवतं आणि रात्री ठणकतं. तेव्हा हाडाला बारीक तडा जातोय अशी शंका धरायची आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा. तू कूस बदलताना जाग येते असं लिहिलंस. त्या एका वाक्यामुळे तुझं पत्र मी सगळ्यांत आधी घेतलं.

मी हे अंगावर काढलेलं आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी, शर्यतीला सात आठवडे असताना, अशीच नडगी दुखत होती. एक्स-रे स्वच्छ आला आणि मला तेवढंच हवं होतं. अशा तड्याचा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे बऱ्याचदा स्वच्छच येतो, एमआरआयमध्ये मात्र तो दिसतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या रविवारी राजाराम पुलापासून खडकवासल्याच्या दिशेने जाऊन परत, अठरा किलोमीटर केले. वहीत माझ्याच अक्षरात ‘१८’ असं ठसठशीत लिहिलेलं आहे. बाजूला काही नाही. चार दिवसांनी पर्वती उतरताना मध्येच डावा पाय टेकवेना. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर बसत खाली आले. मागून येणारी एक आजी आपली काठी देऊ करत होती. पुढचे तीन महिने पळणं बंद. त्या तीन महिन्यांत बसल्या बसल्या मी तो दुसरा रकाना आखला.

हे होतं का, ते समजून घे. दम आधी वाढतो, हाड मागून येतं. नव्याने सराव सुरू केला की दीड-दोन महिन्यांत दम पुरायला लागतो, पोटऱ्या घट्ट होतात, आणि आपल्याला वाटतं झालो तयार. हाडाचं काम वेगळं असतं. नवा भार आला की ते आधी जरा झिजतं आणि मग भरून मजबूत होतं. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. तू अडीच महिन्यांत ६ वरून १६ वर गेलीस, म्हणजे हाड झिजलेल्या टप्प्यात होतं तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जास्त ओझं पडलं. त्यात आपल्या वयात पाळीची गडबड सुरू होते, इस्ट्रोजेन उतरायला लागतं आणि हाडांची राखण करणारं तेच असतं. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा ड जीवनसत्त्वही तपासून घे.

गोळी घेऊन पुन्हा पळू नकोस, ही माझी हात जोडून विनंती आहे. वेदनाशामक गोळीने तडा भरत नाही, फक्त त्याची हाक ऐकू येत नाही. शिवाय घाम गाळत, कमी पाण्यावर तासन्‌तास पळताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

आता ग्रुपचं. आज संध्याकाळी एवढंच लिही : ‘नडगी दुखतेय, रात्रीही दुखते. हाफ सोडतेय. रविवारी पाणी आणि केळी घेऊन उभी राहीन.’ आमच्याकडे एकीने असं लिहिलं त्या दिवशी तासाभरात तिघींनी आपापलं दुखणं सांगितलं. एकीची टाच सहा महिने दुखत होती, सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, आणि ती आमच्या शेजारून दर रविवारी हसत पळत होती. बिबचे पैसे गेले तर जाऊ देत. डॉक्टर हो म्हणाले की तीस मिनिटं सलग चालून बघ, चालताना आणि दुसऱ्या दिवशी काही दुखलं नाही तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू कर. तोवर डॉक्टरांना विचारून पोहायला जा. मी टिळक टँकला जायचे. डोकं ठिकाणावर राहिलं ते त्या पाण्यामुळे.

प्रश्न : मी ६३ वर्षांची, सहकारनगरला असते. सूनबाई बाळंत होऊन साडेचार महिने झाले, नॉर्मल डिलिव्हरी. आता ती पहाटे साडेपाचला पळायला जाते. बाळ माझ्याजवळ असतं, त्याची तक्रार नाही. पण दूध कमी होईल का, अंग बाहेर येईल का, असं मनात येतं. परवा ती घाईघाईने आत आली आणि कपडे बादलीत टाकून वरून पाणी ओतलं. बाटलीतलं पाणी सांडलं म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही. विचारलं तर सासू नाक खुपसते असं होईल. काय करू?

उत्तर : तुम्ही माझ्याहून मोठ्या, म्हणून ताई म्हणते. ताई, तुम्ही बाळ सांभाळून हे पत्र लिहिलंत, मला फार बरं वाटलं. सुनेच्या पळण्याबद्दल सासूचं पत्र पहिल्यांदाच आलं.

दुधाची काळजी सोडा. झेपेल इतक्या व्यायामाने दूध कमी होत नाही आणि बाळाला ते बाधतही नाही. निघण्यापूर्वी तिने पाजून जावं, म्हणजे छाती हलकी राहते आणि पळताना ओढ बसत नाही. मात्र अंगावर पाजणं आणि पळणं दोन्ही चालू असताना भूक मारून चालणार नाही. तुम्ही डिंकाचे, अळिवाचे लाडू केलेच असतील, ते बाळंतपणाचे दिवस संपले म्हणून बंद करू नका. परत आल्यावर एक लाडू आणि कपभर दूध तिच्या हातात द्या.

अंग बाहेर येण्याची तुमची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. आपल्या तरुणपणी बाईने लांब पळू नये यासाठी हेच कारण जगभर सांगत. १९८४ सालापर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांची सर्वांत लांबची शर्यत १५०० मीटरची होती. त्या वर्षी लॉस एंजेलिसला पहिल्यांदा बायकांची मॅरेथॉन झाली, अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. मी तेव्हा कॉलेजला जायला लागले होते आणि मला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं. पळण्याने गर्भाशय खाली येतं ही सरसकट समजूत चुकीचीच होती. पण बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू ताणलेले असतात आणि ते सावरण्याआधी पळण्याचा दणका बसला तर त्रास होतो, हे खरं आहे. म्हणून आता फिजिओ सांगतात की बाळंतपणानंतर किमान तीन महिने पळू नये, आणि नंतरही लघवी सुटत नसेल, खाली जड किंवा ओढल्यासारखं वाटत नसेल, तरच हळूहळू सुरू करावं.

तुम्हाला जो संशय आला तो मलाही आला. पळताना थेंब सुटणं फार बायकांना होतं. मी कितीजणींना गडद रंगाची पँट घालताना, निघण्यापूर्वी तीनदा बाथरूमला जाताना पाहिलंय. मूल झालं की हे असंच राहणार, असं धरून त्या वर्षानुवर्षं जगतात. पण ते असंच राहायचं कारण नाही. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आत ओढले जातात ते वर ओढून धरायचे, श्वास चालू ठेवायचा, सावकाश सोडायचे. दिवसातून तीन वेळा, दरवेळी दहा-दहा. लघवीला बसलेली असताना मात्र हा व्यायाम करायचा नाही, एरवी बसून किंवा आडवं पडून करायचा. हे नीट जमतंय का, ते स्त्रियांच्या या तक्रारींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट तपासून सांगते. पुण्यात अशा फिजिओ आहेत, तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ नाव देतील. तोवर तिने पळण्याऐवजी भरभर चालावं.

आणि विचारायचं कसं? विचारू नका. तुमचं सांगा. तुमच्या वेळी बाळंतपणानंतर शिंकताना, खोकताना तुम्हाला काय झालं होतं आणि तुम्ही ते कोणालाच बोलला नाहीत, हे भाजी निवडता निवडता सांगा. पुढचं ती सांगेल. हे पान तिच्यासमोर उघडं ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची, माण तालुक्यातली. सदाशिव पेठेत रूमवर राहते, पोलीस भरतीची तयारी करते. दिवसा अभ्यासिका, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ग्राउंड. ८०० मीटर ३ मिनिटं १५ सेकंदांवरून ३:०२ वर आणलं होतं, आता परत ३:१० लागतात. वजन कमी केलं की वेग वाढतो म्हणून मेसमध्ये रात्रीची पोळी-भात सोडलाय. चार महिने पाळी आली नाही. मैत्रिणी म्हणतात, पळणाऱ्या मुलींचं असंच असतं, उलट बरंय.

उत्तर : बाळा, बरं नाही. मैत्रिणींना हे पान वाचून दाखव.

शरीराला मिळणारं अन्न आणि सरावात जाळलेली ताकद यांचा मेळ बसला नाही की शरीर काटकसर सुरू करतं. ज्यावाचून जीव तगतो ती कामं ते आधी आवरतं आणि पाळी त्यात पहिली जाते. मग हाडं पातळ होतात, झोप उडते, चिडचिड होते, सर्दी-तापाला निमित्त पुरतं आणि वेग घटतो. तुझे ते आठ सेकंद तिथेच गेलेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या त्रासाला वेगळं नाव देऊन डॉक्टरांना आणि प्रशिक्षकांना सावध केलं, म्हणजे जगातल्या उत्तमातल्या उत्तम धावपटूंनाही हे होतं. तुझी इच्छाशक्ती कमी पडली असं मनात आणू नकोस.

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. पाळी थांबायला थायरॉइड, पीसीओडी अशी दुसरीही कारणं असतात, ती आधी बघावी लागतात. रक्त तपासशील तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही सांग, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड धर आणि फेरिटिन म्हणजे खात्यातली शिल्लक. कॅशियर होते म्हणून मला असंच सुचतं. रोकड पुरेशी दिसत असताना खातं रिकामं झालेलं असू शकतं, आणि तेव्हाच शेवटच्या दोनशे मीटरला पाय जड पडायला लागतात.

रात्रीची पोळी आणि भात आजपासून परत घे. मेसच्या ताटात मटकी, हरभरा, वरण असेल ते दोनदा माग, लाजू नकोस, पैसे भरतेस. वर लिंबू पिळ, त्याने कडधान्यातलं लोह जास्त अंगी लागतं. चहा जेवणाबरोबर घेऊ नकोस, तासभर मागे ढकल, कारण तो तेच लोह अडवतो. सकाळच्या ग्राउंडला उपाशी जाऊ नकोस, निघताना एक केळं. परत आल्यावर अर्ध्या तासाच्या आत मूठभर शेंगदाणे आणि गूळ, परवडत असेल तर दोन उकडलेली अंडी. खोलीवर शेंगदाण्याची बरणी नजरेसमोर ठेव.

पाळी सुरळीत होईपर्यंत सराव एकाच वेळी कर आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घे. ८०० मीटर म्हणजे मैदानाचे दोन फेरे. तुमच्यातल्या बहुतेक मुली पहिले दोनशे मीटर जिवाच्या आकांताने काढतात आणि सहाशेला बसतात. पहिला फेरा जरा राखून पळायचा सराव कर. त्यात सेकंद वाचतात आणि त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

तुझ्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. दुष्काळी भागातली, भाकरीवर वाढलेली मुलगी. तिच्या पायांतली ताकद अन्न सोडून आलेली नव्हती. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, मी वाट बघतेय.

प्रश्न : दीड महिना झाला तरी ३ किलोमीटरच्या पुढे जात नाही. पहिल्या पाच मिनिटांतच धाप लागते. मी वारज्याहून तळजाईला येते, वय ३८. माझ्यात पळण्याचं अंगच नाही का?

उत्तर : तू पायथ्यापासूनच पळत चढायला लागत असशील. पहिल्या मिनिटाला चढ घेतला तर सतरा वर्षं पळणारीलाही धाप लागते. चढ चालत जा. वर सपाटीला, झाडीतल्या वाटेवर पोचलीस की दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल, असं आठ वेळा. वेग किती ठेवायचा? पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हण. ‘सतरा सक बेदोन’ न अडखळता म्हणता आलं तर वेग बरोबर. मध्येच श्वास तुटला तर हळू हो, शेजारून चालणारे आजोबा पुढे गेले तरी चालेल. महिनाभराने पळण्याची मिनिटं वाढव. आणि आठवड्याला तीनच दिवस पळ, रोज नको. दीड महिना नेमाने येतेयस, पळणारी यालाच म्हणतात.

थोडक्यात दोन उत्तरं. हडपसरच्या वाचक : पाळी चालू असताना लाँग रन करायला काहीच हरकत नाही, पोट फार दुखत असेल त्या दिवशी करू नका, त्याची भरपाईही करू नका. बाणेरच्या वाचक : काखेत आणि ब्राच्या पट्ट्याखाली कातडी सोलवटते त्यावर निघण्यापूर्वी व्हॅसलीन लावा, आणि ब्रा नवी असेल तर लाँग रनला पहिल्यांदा घालू नका.

शेवटचं पत्र. यात प्रश्न नाही.

‘ताई, मागच्या वर्षी तुम्ही मला दोन किलोमीटर चालायला सांगितलं होतं. गेल्या रविवारी १० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. १ तास ३८ मिनिटं. मी शेवटची होते. पाण्याच्या टेबलावरची मुलं टेबल उचलायला लागली होती, मला बघून त्यांनी एक ग्लास परत भरला. आठव्या किलोमीटरला उजवा गुडघा दुखला, तेव्हा दोनशे पावलं मोजून चालले. मुलगा फिनिशला उभा होता. मेडल त्याने शाळेत नेलंय. हे कोणालातरी सांगायचं होतं.’

मी हे पत्र रविवारी पार्किंगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं आणि वहीत उतरवून घेतलं. पहिल्या रकान्यात १०. दुसऱ्यात गुडघा, दोनशे पावलं आणि तो परत भरलेला ग्लास. पुढच्या रविवारी तळजाईला ये, सही तुझी तू कर.